पाणी प्या, माहिती नाही भेटणार

आमच्या शाळेतला ऑफिसचा कॉम्प्युटर घुंघट घेतो. हसू नका, खरं सांगते. वर्गांच्या पडद्यांचं उरलेलं हिरवं कापड, त्याला वरून नाडी, ती नाडी मॉनिटरच्या डोक्यावरून बांधलेली आणि कापड पुढे हातभर लोंबतंय. बडे बाबू कामाला बसले की कापड उचलतात, डोकं आत घालतात आणि उरलेलं कापड पाठीवर ओढून घेतात. बाहेर राहते फक्त पाठ. नवा माणूस ऑफिसात आला की बिचारा त्या पाठीशीच बोलतो. पाठ उत्तरही देते.

ही पाठ म्हणजे यशवंत रामटेके, भिलाईच्या आमच्या सरकारी शाळेचे मुख्य कारकून. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत लागले म्हणून चरोद्याला आले आणि तिथलेच झाले. मी काळे मॅडम, नववीची क्लास टीचर, विज्ञान शिकवते, आणि माझी जीभ तिखट आहे असं सगळा स्टाफ म्हणतो. माझे वडील वर्ध्याहून इथल्या स्टील प्लांटमध्ये कारकुनी करायला आलेले. शाळेत सगळा कारभार हिंदीत, पोरं भांडतात छत्तीसगढीत, मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे दिवसभर तुंबलेलं मराठी आम्ही एकमेकांवर काढतो. हक्कानं मराठीत भांडायला कोणी असणं ही भिलाईत लहान गोष्ट नाही, बाप्पा.

"काय झाकून राहिले बाबूजी त्या पडद्यात?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"पोरं," पाठ म्हणाली.

आणि ते खरंच होतं. आजकाल सरकारला पोराचं सगळंच लागतं. नाव, जात, बापाची कमाई, बँकेचं खातं, आधार नंबर, घरचा पत्ता, कोणाला फिट येते, कोणाची माय नाही. सगळं त्या डब्यात. आम्ही मास्तर लोक ते ओरडून भरून द्यायचो. "ए दिनेश, तोर ददा के इनकम कतेक हे?" बापाची कमाई किती, असं अख्ख्या वर्गासमोर. बाबूजींनी ते बंद केलं. भिंतीला कान असतात, असं सगळेच म्हणतात. बाबूजी तर भिंतीकडे संशयानं पाहतातसुद्धा. कोणाचाही नंबर मोठ्यानं वाचायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. मी एकदा एका पोराचा मोबाईल नंबर तोंडानं सांगायला लागले तर त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "हळू! चहावाला उभा आहे!" चहावाला बिचारा बहिरा होता. "तरी बी," बाबूजी म्हणाले.

दुसरा नियम पाण्याचा. ऑफिसच्या खिडकीशी त्यांनी एक माठ ठेवलाय. रोज सकाळी स्वतः भरतात, त्याला ओलं पोतं गुंडाळतात. खिडकीवर कोणी माहिती मागायला आलं की आधी ग्लास पुढे करतात. मराठी असला तर, "पाणी प्या. माहिती नाही भेटणार." हिंदी असला तर, "पानी पीजिए. जानकारी नहीं मिलेगी." आवाज दोन्ही वेळा तोच, मऊ, पाहुण्याला जेवायचा आग्रह करावा तसा. एका कोचिंगवाल्यानं दहावीच्या पोरांचे फोन नंबर मिळावेत म्हणून पेढ्यांचा डबा आणला होता. "बच्चों के भविष्य का सवाल है, बड़े बाबू." बाबूजींनी त्याला पाणी दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, बाबूजींनी पुन्हा दिलं. तिसऱ्या ग्लासानंतर त्याला भविष्यापेक्षा बाथरूमची काळजी लागली. पेढ्यांचा डबा मात्र सोबत परत पाठवला, याचं स्टाफला आजतागायत दुःख आहे.

ते दुःख एकदाच भरून निघालं. शाळेसमोरच्या ठेल्यावर मी आलूगुंडा घेतला. आलूगुंडा म्हणजे आपला बटाटेवडाच, फक्त अंगानं जरा दणकट. कागद उघडला तर आठवीतल्या सरिताचा तेलात भिजलेला फोटो माझ्याकडे पाहून राहिला. जुना प्रवेश अर्ज! कोणीतरी शाळेची रद्दी विकली होती. मी हसत हसत बाबूजींना दाखवला. ते हसले नाहीत. तसेच चपला फटकारत ठेल्यावर गेले आणि त्याचे सगळे कागद मागितले. ठेलेवाला म्हणाला, "कागज दे दूँगा तो आलूगुंडा किसमें दूँगा?" झालं, बाबूजींनी आलूगुंडेच सगळे घेतले, कागदासकट. त्या दिवशी स्टाफरूममध्ये जे काही झालं त्याला मेजवानीच म्हणतात. बाबूजी कोपऱ्यात बसून एकेक तेलकट कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करत होते आणि आम्ही बेशरमासारखे खात होतो.

निकालाच्या दिवशी तर आयाच चिडतात. बाबूजी निकाल बोर्डावर लावू देत नाहीत. प्रत्येक पोराच्या हातात घडी केलेली चिठ्ठी. एका बाईनं मला गेटवर पकडून विचारलं, "मैडम, ऐसे में पता कैसे चलेगा कि वर्मा के लड़के को कितना आया?" खरी तळमळ होती हो तिच्या आवाजात.

पण शिष्यवृत्तीची गोष्ट वेगळी. आमच्याकडे वर्षानुवर्षांची रीत अशी होती की मास्तर वर्गात जाऊन म्हणायचा, "एससी, एसटी वाले खड़े हो जाओ, फारम भरना है." पोरं उभी राहायची. बाकीची बसून पाहायची. बाबूजी स्वतः शाळेत असताना असेच उभे राहिले असतील, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता ते काय करतात, तर वर्गातल्या प्रत्येक पोराला एकेक करून बाहेर व्हरांड्यात बोलावतात. ज्याचं काम आहे त्यालाही, नाही त्यालाही. ज्याचं काम नसतं त्याला विचारतात, "आज क्या खाकर आया?" पोरगं सांगतं, "बासी अउ चटनी." बासी म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात. "बढ़िया. जा." त्यात आठवडा जातो. प्राचार्य साहेब डोक्याला हात लावतात. पण कोण कशासाठी बाहेर गेलं होतं, हे वर्गात कोणालाच कळत नाही.

एवढं सगळं झाकणारा हा माणूस. आणि याचं स्वतःचं घर पाहाल तर कपाळावर हात माराल.

मी पहिल्यांदा चरोद्याला त्यांच्याकडे गेले तेव्हा घर शोधावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडापासूनच दिसलं. पांढऱ्या भिंतीवर निळ्या रंगात, वीतभर उंचीची अक्षरं. यशवंत रामटेके. घर नंबर, गल्ली, चरोदा, पिनकोड आणि खाली मोबाईल नंबर. रेल्वे स्टेशनचा बोर्डही एवढा स्पष्ट नसतो. दर एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी ते स्वतः स्टुलावर चढून ही अक्षरं पुन्हा गिरवतात, असं शेजारीण म्हणाली.

"कावून बाबूजी," मी म्हटलं, "साऱ्या जगाचं झाकता अन् आपलं भिंतीवर?"

"माही माहिती माही आहे, मॅडम. मी वाटीन नाही तर काय करीन."

"अहो, नको ते लोक फोन करत असतील."

"करतात. एक जण रोज लोन देऊ का म्हणते." आणि मग, "उचलतो मी. कोणाचाबी असो, उचलतोच."

मोबाईलही तोच जुना बटणांचा. नंबर बदलायला तयार नाहीत, घरही नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटेच राहतात. पावसाळ्यात स्वयंपाकघर गळतं. भाऊ दुर्गला मोहन नगरात राहतो, त्याच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, तो बोलावून बोलावून थकला. "नाही जमत," एवढंच. मी याला हट्टीपणा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे.

आता तुलसीकडे येते.

तुलसी माझ्या वर्गात मध्येच आली. सोबत तिची आई. आईचा डावा हात कोपरातून वाकडा जुळलेला. अहिवाऱ्याकडून आल्या होत्या. नवरा तिकडे चुन्याच्या दगडाच्या खदानीवर ट्रक चालवायचा, प्यायचा आणि मारायचा. हात त्यानंच मोडला होता. वर तुलसीचं लग्न ठरवून बसला होता, त्याच्याच दारूच्या दोस्ताशी, पंधरा वर्षांच्या पोरीचं! एके दिवशी पहाटे दोघी निघाल्या त्या निघाल्याच. ठाण्यात तक्रार केली, इकडे कुठल्या तरी बस्तीत खोली घेतली, आई एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली. हे सगळं तिनं ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून सांगितलं आणि सरळ हात ओंजळीगत पुढे केला.

"बाबूजी, हमर पता कोनो ला झन देहू."

कोणालाही देऊ नका. बाबूजींनी डोकं पडद्याबाहेर काढलं. हातातलं काम अर्धं सोडून, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. त्यांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "नहीं दूँगा, बाई." पुढचं नेहमीचं वाक्य बोललेच नाहीत.

नंतर सायकली आल्या. नववीच्या मुलींना सरकारी योजनेत सायकल मिळते, तुम्हाला माहीत असेल. सायकल देणं सोपं. सायकल दिल्याचा पुरावा देणं कठीण. आमच्याकडे आता कोणतंही काम फोटो ग्रुपवर पडल्याशिवाय झालं असं मानतच नाहीत. झाड लावा, फोटो. हात धुवा, फोटो. तर वरून हुकूम आला की प्रत्येक मुलगी सायकलजवळ उभी करा, तिच्या हातात कागद द्या, कागदावर नाव, बापाचं नाव, मोहल्ला आणि मोबाईल, सगळं मोठ्या अक्षरात. आणि मागे शाळेचं बॅनर. खेळाचे साहू सर उत्साहानं फोटो काढायला लागले.

बाबूजी मैदानात आले, ओळीत उभ्या एकेका मुलीजवळ गेले आणि तिच्या हातातला कागद उलटा केला. लिहिलेली बाजू छातीशी, कोरी बाजू कॅमेऱ्याकडे. साहू सर म्हणाले, "बड़े बाबू, ये क्या कर रहे हो?" बाबूजी म्हणाले, "नाम तो लिखा है न? तो बस." साहू सर सरळ माणूस, त्यांनी तसेच फोटो टाकले. संध्याकाळी ब्लॉक ऑफिसातून फोन, "तुम्हारे स्कूल की सारी लड़कियाँ कोरा कागज पकड़ के काहे खड़ी हैं?" मी हसून हसून लोळले.

बाबूजी हसत नव्हते. ते फोटो मोठा करून पाहत होते. कागद कोरा होता, पण तुलसीचा चेहरा होता आणि मागे बॅनरवर शाळेचं नाव. "तोंड राहून गेलं, मॅडम," ते म्हणाले. "तोंडबी माहितीच असते. मले सुचलंच नाही."

फोटो एका ग्रुपमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. कोणी तरी कौतुकानं पुढे पाठवला असणार. थोड्याच दिवसांनी तुलसीच्या आईचा माझ्याकडे रडत फोन आला. अहिवाऱ्याच्या एका नातेवाइकानं तिला कळवलं होतं की नवऱ्यानं फोटो पाहिला आणि शाळा ओळखली. आता त्याला फक्त पत्ता पाहिजे होता. पत्ता मिळाला की पोरीला उचलून नेणार, असं तो ठेल्यावर बसून चारचौघांत सांगत होता.

मी बाबूजींना सांगितलं.  ते खुर्चीत सरळ बसले.

"तो येईन," ते म्हणाले. "पहिले गोड बोलन. हातात मिठाई असन. मंग म्हणन घरी कोणीतरी मरणाले टेकलं आहे. मंग म्हणन पोरीच्या नावानं पैसे आले, सही पाहिजे. मंग चिडन, साहेबाकडे जाईन. अन् शेवटी रडन. रडला की सांभाळा मॅडम, तिथंच माणूस फसते."

"तुम्हाला काय माहीत? टीव्हीवर पाहिलं का?"

बाबूजींनी डोकं पडद्यात घातलं.

आला. दुपारच्या सुट्टीनंतर, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात मिठाईचा डबा. मी त्या वेळी खडू घ्यायला ऑफिसात होते म्हणून बरं. नाव ऐकलं मात्र, मी तशीच मागच्या दारानं वर्गात गेले, तुलसीला उठवलं आणि मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. तिथल्या दोन बाया पोलादाच्या आहेत. एकीनं दार लावलं, दुसरीनं हातात झारा घेतला. मी तिच्या आईला फोन केला, आईनं ठाण्यात कळवलं, आणि मी धावत परत ऑफिसात.

खिडकीवर पहिला अंक चालू होता.

"बड़े बाबू, मुँह मीठा कीजिए. बिटिया पढ़ रही है आपके यहाँ, खुशी की बात है. बस घर का पता दे दीजिए."

"पानी पीजिए. जानकारी नहीं मिलेगी."

तो प्यायला. "बात ये है कि उसकी दादी आखरी साँस गिन रही है."  बाबूजींनी ग्लास पुन्हा भरला. "अच्छा, उसके नाम से पैसा आया है, दस्तखत चाहिए." अगदी त्याच क्रमानं, हो! जणू कोणी त्याला पाठ करून पाठवलं होतं. बाबूजी म्हणाले, अर्ज द्या. त्यानं अर्ज लिहिला. विषय वर पाहिजे, पुन्हा लिहा. समास सोडा, पुन्हा लिहा. आधारची झेरॉक्स जोडा. या असल्या कटकटींवरून मी त्यांच्याशी कितीदा कडाकडा भांडले असेन. त्या दिवशी मनात म्हटलं, करा बाबूजी, आणखी कटकट करा, ठाण्यापासून शाळा लांब आहे.

मग तो चिडला. टेबलावर मूठ आपटली आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत. प्राचार्य साहेब बाहेर आले. माणूस वाईट नाही, पण भांडणाला भितो. "दे दो न, बड़े बाबू. बाप है भई. हक बनता है उसका."

"साहब, लिखकर दे दीजिए. नीचे दस्तखत. मैं पता दे देता हूँ."

साहेबांनी खिशाकडे हात नेला, पेन चाचपलं आणि हात मोकळाच बाहेर काढला. "मेरी एक मीटिंग है," म्हणाले आणि आत गेले.

राहिला तो आणि खिडकी. आणि मग, बाबूजी म्हणाले होते तसंच, तो रडला. खोटं नव्हतं ते. मी नखशिखांत चिडलेली बाई, त्याचं डोकं फोडावं असं वाटत होतं, पण ते रडणं खोटं नव्हतं. गजाला कपाळ टेकून म्हणाला, "एक बार देख लेने दो बस. मेरी ही बेटी है."

बाबूजींनी भरलेला ग्लास उचलला आणि पुढे करायचा सोडून परत आपल्याजवळ ठेवला.  इतक्या वर्षांत ग्लास मागे घेताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. एक क्षण मला वाटलं, संपलं. हा माणूस आता पत्ता देतो.

"पानी पियो, भाई," ते म्हणाले. आणि ग्लास गजाशी सरकवला. "जानकारी नहीं मिलेगी. तुम्हारा पता तो उसको मालूम है न?"

त्यानं मान हलवली.

"तो बस. दारू बंद करो, दरवाज़ा खुला रखो. आना होगा तो वो आएगी. तुम नहीं जाओगे."

तेवढ्यात दोन महिला शिपाई आल्या. जुनी तक्रार होतीच. त्या त्याला घेऊन गेल्या. जाताना तो मिठाईचा डबा विसरला आणि बाबूजी गेटपर्यंत डबा घेऊन त्याच्या मागे गेले.

आठवड्याच्या आत त्यांनी तुलसीचा दाखला काढून दिला. तिला दुसऱ्या शाळेत घातलं. वसतिगृहही आहे म्हणे. "कोणत्या शाळेत?" मी विचारलं. बाबूजी माठाकडे वळले. "अहो, मी तिची क्लास टीचर आहे! मी तिला झाऱ्याच्या पहाऱ्यात बसवलं होतं!"

त्यांनी माठातून ग्लास भरला आणि माझ्यापुढे ठेवला. रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली. पण काय करता, प्यायले पाणी.

आणि मग तिथंच, शाळा सुटल्यावर, रिकाम्या ऑफिसात मी विचारलं, "खरं सांगा बाबूजी. तो काय काय बोलणार हे ओळीनं कसं माहीत होतं?"

त्यांनी माठावरचं पोतं सारखं केलं.

"मी याच ओळीनं गेलो होतो," ते म्हणाले.

त्यांना मुलगी आहे. प्रज्ञा. इतकी वर्षं बरोबर काम करून मला माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा ती बारावीला होती. "मले भेव वाटे, मॅडम. एकटी पोरगी. मी तिचा मोबाईल पाहो, दप्तर पाहो, मैत्रिणींना विचारत जाओ. तिच्या खोलीच्या आतली कडी होती ना, तीबी मीच काढून टाकली. मारलं नाही कधी. पण घरात ती एक अन् मी पोलिस. नर्सिंगले नागपूरले गेली, रोज होस्टेलले फोन. कोण आलं, कुठं गेली. मंग शेवटचं वर्ष झालं अन् ती कुठं गेली, कोणाले माहीत नाही. फोन बंद."

"मग?"

"मंग मी तिच्या कॉलेजात गेलो. संत्रा बर्फी घेऊन. म्हटलं नोकरीचा पत्ता द्या. नाही म्हणे. मंग म्हटलं तिची आजी सिरीयस आहे. आजी तं कधीची मेली होती. मंग म्हटलं बँकेचं काम आहे. चिडलो. साहेबाकडे गेलो. अन् शेवटी…" त्यांनी खिडकीच्या गजाकडे पाहिलं. "तिथं एक बाई होती क्लार्क, तुमच्याएवढी. तिनं ग्लास देल्ला मले. म्हणे, काका, पाणी प्या. माहिती नाही भेटणार."

मी माझ्यापुढचा रिकामा ग्लास उचलून माठाशी ठेवला. 

"लय शिव्या देल्या मी तिले गाडीत बसून. गोंदिया गेलं, राजनांदगाव गेलं, देऊनच राहिलो. दुर्गच्या जवळ आलो अन् डोक्यात आलं, की मी आयुष्यभर पोरीले एक दार लावू देल्लं नाही, अन् या बाईनं, जी तिची कोणीच नाही, तिच्यासाठी दार लावून धरलं." त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. "बरोबर केलं त्या बाईनं. मले तवा वाटलं, आपुनबी हेच करावं."

मी घरी गेले ती रडतच गेले. माझ्या मुलानं विचारलं काय झालं, मी त्याच्यावरच खेकसले.

या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधीच्या रविवारी, मी चरोद्याला गेले. बाबूजी स्टुलावर होते, बनियनवर, हातात ब्रश, कोपरापर्यंत निळे. पिनकोड झाला होता, खालचा मोबाईल नंबर चालू होता. मला पाहून डबा माझ्या हातात दिला. मी डबा धरून उभी राहिले. विचारलं काहीच नाही. भाऊ मोहन नगरात का बोलावून थकतो, गळक्या घरातून हे का हलत नाहीत, लोनवाल्याचा फोन रोज का उचलतात, आता विचारण्यासारखं राहिलंच काय होतं?

शेवटचा आकडा काढून ते खाली उतरले, मागे झाले, डोळे बारीक केले. "मॅडम, तुमची नजर चांगली आहे. तिकडं रोडवर जाऊन पाहा बरं. दुरून दिसते का?"

मी गल्लीच्या तोंडाशी, रोडवर जाऊन उभी राहिले. दिसत होतं. चांगलं ठळक दिसत होतं. मी सवयीनं मान हलवली आणि हातानंच ठीक आहे असं सांगितलं.

"असं नाही!" बाबूजी तिकडून ओरडले. "वाचा! जोरानं वाचा!"

आणि मी भर रस्त्यात, येणारेजाणारे पाहत असताना, रामटेके बाबूजींचा पत्ता आणि त्यांचा नंबर, एकेक आकडा, गळा फाटेपर्यंत मोठ्यानं वाचला.